जमिनीची मागणी जुनी झालेली नाही

दलितांनी आता जमिनीचा आग्रह सोडावा, असं सांगणारे कोल्हापुरात वाढत चालले आहेत. सांगणारे परके नाहीत. चळवळीत उमेदीची वर्षं घालवलेले शिक्षक, बँकेतून निवृत्त झालेले कार्यकर्ते, शाहू-फुले-आंबेडकरांचं नाव मनापासून घेणारे शेतकरी, अशी ही माणसं आहेत. म्हणून त्यांना नीट उत्तर द्यायला हवं. त्यांचं म्हणणं असं की शेतीत आता काही उरलेलं नाही. दोन-चार एकरवाल्या मराठा, जैन, धनगर घरांतली पोरंसुद्धा शिरोलीच्या नाहीतर गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत काम शोधतात. मग ज्यांच्याकडे जमीन कधी नव्हतीच त्यांनी तिच्यामागं का लागायचं? बाबासाहेबांनीच खेडं सोडायला सांगितलं होतं. शिकावं, नोकरी धरावी, जमलं तर धंदा करावा. शिवाय वाटायला जमीन राहिलीय कुठं? आणि जी दिली ती तरी कुठं टिकली?

हे म्हणणं मला मुळातच चुकीचं वाटतं. खत, वीज, मजुरी यांचे दर बघता लहान शेतकऱ्याचा हिशेब जुळत नाही, यात वाद नाही. पण शेती परवडत नाही यावरून जमीन निरुपयोगी आहे असं ठरत नाही. तसं असतं तर पन्हाळ्यापासून शिरोळपर्यंत अर्ध्या गुंठ्याच्या बांधासाठी सख्खे भाऊ कोर्टात उभे राहिले नसते. तोट्यातली शेती करणाराही सातबाऱ्यावरचं नाव सोडत नाही, आणि त्याला कारण आहे. गेल्या सत्तर वर्षांत या जिल्ह्यात जी सार्वजनिक संपत्ती उभी राहिली, तिच्या प्रत्येक दारात सातबारा मागतात.

राधानगरीचं धरण शाहू महाराजांनी सुरू केलं, ते स्वातंत्र्यानंतर पुरं झालं. भोगावती-पंचगंगेवर बंधारे झाले. कोल्हापूर पद्धतीचा बंधारा या नावानं ते राज्यभर गेले. हे पाणी सगळ्यांच्या कराचं, पण पोचलं ते ज्याची जमीन त्याच्या रानात. त्या पाण्यावर ऊस आला, उसावर कारखाने आले. बिद्री, भोगावती, कुंभी-कासारी, वारणा, शिरोळचा दत्त, कागलचा शाहू. सहकारी साखर कारखानदारीला राज्य सरकारनं भागभांडवल दिलं, कर्जाला हमी दिली. हा पैसाही सगळ्यांचा. पण कारखान्याचा उत्पादक सभासद व्हायचं तर कार्यक्षेत्रात ऊस पिकवणारी जमीन लागते. सभासदाला उसाची नोंद मिळते, सवलतीची साखर मिळते, सर्वसाधारण सभेत उभं राहून संचालकांना जाब विचारता येतो, मत देता येतं. कारखान्याच्या नोकरभरतीत सभासदाच्या घराकडे आधी पाहिलं जातं, हे जिल्ह्यात सगळ्यांना ठाऊक आहे. कारखान्यातून पुढं जिल्हा बँक, जिल्हा परिषद, विधानसभा असा रस्ता जातो. ‘शिका आणि नोकरी करा’ म्हणणाऱ्यांनी हा रस्ता कुठून सुरू होतो ते पाहावं. नोकरी देणाऱ्या खुर्चीपर्यंत माणूस रानातून चालत गेलेला आहे.

गावची विकास सेवा सोसायटी कर्ज देते ते एकराच्या हिशेबानं. तीन लाखांपर्यंतचं पीककर्ज वेळेत फेडलं तर शेतकऱ्याला व्याज पडत नाही. त्याच गावातली भूमिहीन बाई मुलीच्या बाळंतपणाला फायनान्स कंपनीचं कर्ज काढते, त्याचं व्याज वीस टक्क्यांच्या वर असतं आणि हप्ता दर आठवड्याला दारात येतो. सरकार कर्जमाफी करतं ती पीककर्जाची. पीएम किसानचे वर्षाला ६,००० आणि नमो शेतकरी योजनेचे ६,००० मिळून १२,००० रुपये बँकेत येतात ते जमीनधारक कुटुंबाच्या. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात शिरोळ आणि करवीर तालुक्यांत उभा ऊस कुजला, त्याचे पंचनामे हेक्टरी झाले आणि भरपाई मालकाला मिळाली. ती त्याला मिळायलाच हवी होती. पण त्या रानात भांगलणीला जाणाऱ्या बायकांचा जो हंगाम बुडाला, त्याचा पंचनामा कुठंच झाला नाही. घरात पाणी शिरलं असेल तर घराची मदत, एवढंच. खास अनुसूचित जातींच्या शेतकऱ्यांसाठी असलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर कृषी स्वावलंबन योजनेतसुद्धा विहिरीसाठी निदान ०.४० हेक्टर जमीन नावावर लागते. जमीन नाही त्याला पाणी नाही, कर्ज नाही, माफी नाही, भरपाई नाही. हे सगळं जमिनीमागून येतं, आणि आपण भूमिहीनालाच सांगतो की बाबा, जमिनीचा नाद सोड.

वैरणीचं उदाहरण मला सगळ्यांत बोलकं वाटतं. दूध संघानं जिल्ह्यातल्या बाईच्या हातात पैसा दिला, हे खरं आहे, आणि म्हैस पाळायला सातबारा लागत नाही. पण म्हशीला रोज वैरण लागते. ज्या घराला बांध नाही त्या घरातली बाई पहाटे विळा घेऊन दुसऱ्याच्या बांधावर जाते, आधी विचारून. तोडीच्या दिवसांत वाडं मिळावं म्हणून त्या मालकाकडं भांगलणीला नाही म्हणत नाही, मजुरी कमी दिली तरी बोलत नाही. गावात निवडणुकीवरून, मिरवणुकीवरून काही बिनसलं की पहिला बांध बंद होतो. मग म्हैस विकावी लागते. बहिष्कार हा शब्द न उच्चारता माणसाला वाकवता येतं ते असं. अर्धा एकर स्वतःचं असलं तर हे घर त्या दिवशी नाही म्हणू शकतं. जमिनीतून किती क्विंटल निघतं या हिशेबात ही ताकद कधी धरली जात नाही. मी ती उत्पन्नाच्या आधी धरतो.

ही वाटणी नैसर्गिक नाही, कायद्यानं घडलेली आहे. कूळ कायद्यात १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरला आणि कसणारा मालक झाला. फार मोठं काम होतं ते. पण कायद्यानं कसणारा म्हणून ओळखलं कुळाला, ज्याच्याकडे खंडानं किंवा वाट्यानं जमीन होती त्याला. जो दुसऱ्याच्या रानात रोजानं राबत होता, सालानं बांधलेला होता, तो कसणाऱ्यांत धरला गेला नाही. आणि असा राबणारा बहुतेक महारवाड्यातला नाहीतर मांगवाड्यातला होता. पुढं १९६१ चा कमाल जमीनधारणा कायदा आला, १९७५ साली मर्यादा बारमाही पाण्याच्या जमिनीला १८ एकर आणि कोरडवाहूला ५४ एकर अशी खाली आली. थोडी जमीन वाटली गेली, पण नदीकाठची बागायत हलली नाही. २०१५-१६ च्या कृषी गणनेत देशातल्या वहिती क्षेत्रापैकी अनुसूचित जातींकडे नऊ टक्क्यांहूनही कमी क्षेत्र दिसतं. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्येतला त्यांचा वाटा १६.६ टक्के होता. त्याच जनगणनेप्रमाणे शेतीत राबणाऱ्या दलितांपैकी सुमारे ७१ टक्के मजूर आहेत. म्हणजे त्यांनी शेती सोडलेली नाही. ते शेतीतच आहेत, फक्त जमिनीविना. शेती सोडा हा सल्ला त्यांच्याबाबतीत आधीपासूनच निम्मा अंमलात आहे: जमीन नाही, कष्ट आहेत.

आता शाहू महाराजांकडे येतो, कारण जमिनीला नाही म्हणणारे त्यांचाच आधार घेतात. महाराजांनी वसतिगृहं काढली, २६ जुलै १९०२ ला राखीव जागांचा हुकूम काढला, १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. म्हणजे त्यांचा मार्ग शिक्षण आणि नोकरीचा, असं सांगतात. पण १९१८ सालच्या हुकमाबद्दल ते बोलत नाहीत. त्या वर्षी महाराजांनी संस्थानातली महार वतनं रद्द केली. वतन म्हणजे काय होतं? गावानं तोंडाला पानं पुसावी तेवढी जमीन, आणि तिच्या बदल्यात रात्रंदिवस गावकी. टपाल पोचवायचं, सारा वसुलीसाठी लोकांना बोलवायचं, अधिकाऱ्यांची सरबराई करायची, मेलेलं ढोर ओढायचं. आणि ही सेवा एका माणसाची नव्हे, सगळ्या जातीची. महाराजांना ही बेडी तोडायची होती. सोपा मार्ग होता तो जमीन काढून घेण्याचा: सेवा बंद, जमीन बंद. त्यांनी तसं केलं नाही. सेवा काढली आणि जमीन रयताव्यानं त्याच माणसांच्या नावावर केली. इतर रयतेसारखा सारा भरायचा, कुणाची चाकरी करायची नाही. त्याच वर्षी त्यांनी कुलकर्णी वतनं मोडून पगारी तलाठी आणले आणि त्या जागांवर अस्पृश्य समाजातली माणसंही नेमली. जमीन कुणाच्या नावावर आणि दप्तर कुणाच्या हातात, ही दोन्ही सूत्रं त्यांनी एकदम पकडली. शिक्षणाचा आणि जमिनीचा हुकूम एकाच राजाच्या सहीनं वर्षभराच्या अंतरानं निघाले. त्यांतला एक उचलायचा आणि दुसरा विसरायचा, हे शाहूंच्या नावावर खपवता येणार नाही.

आजूबाजूच्या मुंबई इलाख्यात हे व्हायला आणखी चाळीस वर्षं गेली. १९ मार्च १९२८ ला डॉ. आंबेडकरांनी मुंबई कायदे कौन्सिलात वतन कायद्याच्या दुरुस्तीचं विधेयक मांडलं. त्यातली मागणी जमीन परत करण्याची नव्हती. पूर्ण सारा घ्या, जमीन आमच्याकडे राहू द्या, चाकरी काढा, अशी होती. कोल्हापुरात दहा वर्षांपूर्वी झालं होतं तेच. कौन्सिलानं ते होऊ दिलं नाही. शेवटी १९५८ चा कनिष्ठ गाव वतन निर्मूलन कायदा आला, तोवर बाबासाहेब हयात नव्हते.

बाबासाहेबांनी खेड्याबद्दल काय म्हटलं ते मला माहीत आहे. ४ नोव्हेंबर १९४८ ला घटना समितीत त्यांनी खेड्याची जी चिरफाड केली ती आजही खोटी ठरलेली नाही. १९१८ सालच्या त्यांच्या निबंधात लहान धारणक्षेत्रांवरचा इलाज म्हणून त्यांनी उद्योगधंद्यांची वाढ सुचवली, हेही खरं. पण या दोन गोष्टींवरून त्यांनी जमिनीचा प्रश्न सोडला असं म्हणणाऱ्यांनी मधली तीस वर्षं वाचलेली नाहीत. १९३७ साली त्यांनी खोती नष्ट करण्याचं विधेयक मांडलं आणि पुढच्या जानेवारीत कोकणातल्या हजारो कुळांचा मोर्चा मुंबईत कौन्सिलावर नेला. १९४७ साली घटनेसाठी जो मसुदा त्यांनी लिहिला, त्यात शेतजमीन राज्याच्या मालकीची करून गावातल्या लोकांना जातीचा भेद न करता कसायला द्यावी, सामुदायिक शेती करावी, असं कलम होतं. ज्याला जमिनीची पर्वा नाही असा माणूस देशभरच्या शेतजमिनीची मालकी बदलण्याची मागणी करत नाही. त्यांच्या माघारी कर्मवीर दादासाहेब गायकवाडांनी काय केलं? १९५९ साली नाशिक-खानदेशात आणि १९६४-६५ च्या हिवाळ्यात देशभर भूमिहीनांचा सत्याग्रह उभा केला. बायका कडेवर पोरं घेऊन तुरुंगात गेल्या. रिपब्लिकन पक्षाच्या इतिहासातली सगळ्यांत मोठी लढाई जमिनीची आहे, आणि तीच आज आपल्याला आठवू नये याचं मला दुःख होतं.

राहिला तो आक्षेप जो मला सर्वांत जास्त टोचतो: दिली होती जमीन, विकून खाल्ली. हे वाक्य गावच्या पारावर सहज निघतं. वतनाची जमीन कशी गेली ते बघू. ती परत दिली गेली नव्या अटीवर, म्हणजे जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय विकता येत नाही. ही अट संरक्षणासाठी होती. पण अशा जमिनीवर बँक कर्ज द्यायला कचरते. दोन पिढ्यांत एका सातबाऱ्यावर तीस-चाळीस वारस चढतात, प्रत्येकाच्या वाट्याला येतात तीन-चार गुंठे. वाटणी करायची तर तुकडेबंदी आड येते, मोजणी करायची तर सगळ्यांच्या सह्या लागतात, आणि त्यातले निम्मे मुंबईत, इचलकरंजीत, पुण्यात. पाइपलाइन नाही, विहीर नाही, कर्ज नाही. अशा वेळी आजारपणात एक वारस साठेखत करून देतो, दुसरा मुखत्यारपत्र देतो, कब्जा जातो. गाव म्हणतं, विकून खाल्ली. मी म्हणतो, त्या जमिनीवर जगण्याचे सगळे रस्ते बंद करून ती काढून घेतली. जमीन माळाची होती तोवर ती महाराची होती. हायवे आला, शहर सरकलं, की तिला गिऱ्हाईक मिळालं. पुण्यात मुंढव्याच्या महार वतनाच्या सुमारे चाळीस एकरांचा व्यवहार २०२५ च्या नोव्हेंबरात गाजला तेव्हा राज्यभर लोकांना पहिल्यांदा कळलं की या जमिनींची किंमत शेकडो कोटींत असते.

हाच अनुभव अमेरिकेतल्या काळ्या लोकांनी घेतला आहे, आणि तो आपल्या इतका जवळचा आहे की वाचताना आपल्याच तलाठी कार्यालयात बसल्यासारखं वाटतं. जानेवारी १८६५ मध्ये जनरल शर्मननं मुक्त झालेल्या गुलाम कुटुंबांना चाळीस एकरांपर्यंत जमीन देण्याचा हुकूम काढला. वर्ष संपायच्या आत अध्यक्ष जॉन्सननं ती जमीन जुन्या मालकांना परत केली. तरीही त्या लोकांनी पै-पै साठवून जमीन विकत घेतली, आणि १९१० च्या सुमारास दीड कोटी एकरांच्या आसपास जमीन त्यांच्याकडे होती. पुढच्या शतकात तिच्यातली बहुतेक गेली. मृत्युपत्र नसल्यानं ती सगळ्या वारसांची सामाईक व्हायची, एखादा सट्टेवाला दूरच्या एका भावाचा हिस्सा घ्यायचा आणि कोर्टाकडून सगळ्या जमिनीचा लिलाव करून घ्यायचा. सरकारी शेतीकर्ज गोऱ्यांना वेळेत, काळ्यांना उशिरा. या भेदभावाबद्दल १९९९ साली तिथल्या कृषी खात्याला मोठी तडजोड मान्य करावी लागली. जॉर्जियात १९६९ साली चार्ल्स आणि शर्ली शेरॉड यांनी सहकाऱ्यांबरोबर हजारो एकरांची सामाईक मालकीची शेती उभी केली. दुष्काळात कर्ज अडवलं गेलं आणि १९८५ साली ती गेली. २००९ मध्ये त्यांना भरपाई मिळाली. त्या पैशाचं त्यांनी काय केलं? पुन्हा जमीनच घेतली, जिथं एकेकाळी गुलाम राबत होते असा मळा. एकदा सर्वस्व गमावलेल्या माणसांनी रोख पैसा हातात आल्यावर जमीन निवडली. आपल्या शहाण्या मित्रांनी या निवडीचा विचार करावा.

जमीन शिल्लक नाही, हा युक्तिवादही तपासून घ्यावा. कर्मवीर दादासाहेब गायकवाडांच्याच नावानं २००४ पासून राज्यात सबळीकरण व स्वाभिमान योजना आहे: दारिद्र्यरेषेखालच्या भूमिहीन दलित कुटुंबाला चार एकर जिरायत किंवा दोन एकर बागायत. विधवा आणि परित्यक्ता स्त्रियांना प्राधान्य. २०१८ पासून ती पूर्ण अनुदानाची झाली, आणि भावाची मर्यादा ठरली जिरायतीला एकरी पाच लाख, बागायतीला आठ लाख. करवीर, हातकणंगले, शिरोळ, कागल या तालुक्यांत नदीकाठची बागायत आठ लाखांनी देणारा मालक मला दाखवा. योजना आहे, पैसा आहे, पण भाव असा बांधला आहे की कोल्हापुरात ती चालूच नये. मग वर्षाअखेर अहवाल जातो की जमीन उपलब्ध झाली नाही. जमीन आहे. ती रोज विकली जाते, रोज दस्त होतात. फक्त सरकार त्या बाजारात दलिताच्या वतीनं खऱ्या भावानं उभं राहत नाही. रस्त्यासाठी, विमानतळासाठी जमीन लागते तेव्हा सरकारला भाव परवडतो.

गायरानाचंही तेच. १४ एप्रिल १९९० पर्यंतची भूमिहीन दलितांची गायरानावरची वहिवाट नियमित करायचा निर्णय राज्यानं १९९१ साली घेतला. मराठवाड्यात त्यासाठी एकनाथ आवाडांसारख्यांनी आयुष्य वेचलं. सर्वोच्च न्यायालयानं २०११ साली जगपालसिंग खटल्यात गावच्या सामाईक जमिनींवरची अतिक्रमणं काढायला सांगितली, तेव्हाही भूमिहीन मजुरांना आणि अनुसूचित जाती-जमातींना सरकारी आदेशानं दिलेल्या जमिनी अपवाद ठेवल्या. अतिक्रमण हटावच्या नोटिसा निघतात तेव्हा निकालाचा पहिला भाग वाचला जातो, अपवाद वाचला जात नाही.

आणि तुकडा लहान म्हणून निरुपयोगी, असं म्हणणाऱ्यांनी कोल्हापूरहून दूर जायची गरज नाही. मिरज तालुक्यात म्हैसाळला मधुकरराव देवलांनी १९७० च्या आसपास दलित कुटुंबांच्या गहाण पडलेल्या जमिनी सोडवून विठ्ठल संयुक्त सहकारी शेती संस्था उभी केली. पंजाबात पंचायतीच्या लागवडयोग्य जमिनीतला एक तृतीयांश भाग दलितांना खंडानं देण्याचा कायदा आहे. वर्षानुवर्षं जमीनदार आपल्या गड्याच्या नावावर बोली लावून ती स्वतःच कसत होते. २०१४ पासून संगरूर जिल्ह्यात दलितांनी संघटना करून ती खरोखर ताब्यात घेतली आणि एकत्र कसायला सुरुवात केली. त्यात सगळ्यांत पुढं बायका आहेत, आणि त्यांना सर्वांत आधी हवी होती ती वैरण. सहकाराचा जिल्हा म्हणवणाऱ्या कोल्हापूरला हे जमू नये, असं कोणतं कारण आहे? सामाईक सातबाऱ्यावरच्या चाळीस वारसांची एक शेती संस्था करा, तिला कारखान्याचं उत्पादक सभासदत्व द्या, सोसायटीचं कर्ज द्या, उपसा योजनेचं पाणी द्या. यातलं एकही काम जिल्ह्यातल्या नेत्यांच्या आवाक्याबाहेरचं नाही.

कायद्याचा रस्ताही शेजारीच सापडतो. कागलहून निघालं की तासाभरात आपण कर्नाटकातल्या निपाणीत असतो, आणि तिथं १९७८ सालचा असा कायदा आहे की अनुसूचित जाती-जमातींना सरकारनं दिलेली जमीन परवानगीशिवाय हस्तांतरित झाली तर व्यवहार रद्द होतो आणि जमीन मूळ धारकाला किंवा त्याच्या वारसाला परत मिळते. २०२३ साली कर्नाटकानं त्यात दुरुस्ती करून अर्जासाठीची मुदतीची अडचणही काढली. महाराष्ट्रात आदिवासींच्या जमिनी परत देण्याचा कायदा १९७४ सालचा आहे. वतनाच्या जमिनीसाठी इतका स्पष्ट हक्क वारसाच्या हातात कधी दिला गेला नाही. तिथं अजून परवानगी, नजराणा आणि शर्तभंगाचीच भाषा चालते. अनुसूचित जातींसाठी बाजूला काढलेला निधी त्याच कामावर खर्च व्हावा असा कायदाही कर्नाटकानं २०१३ साली केला. हा कायदा आपल्या विधानसभेत येत नाही तोवर, जमिनीसाठी पैसा कुठून आणायचा, हे भूमिहीनाला विचारायचा अधिकार कुणालाही नाही. ते सरकारला विचारा, आणि आठ लाखांची मर्यादा कोल्हापूरच्या बाजारभावाला कधी नेणार तेही विचारा.